सावली आखूड होते तेव्हा

शाळेला सुट्टी असली की साडेअकराच्या सुमाराला मी गच्चीवर जाते आणि आधी माझी सावली बघते. ती माझ्या उंचीपेक्षा लांब असली तर थांबते, कुंड्यांना पाणी घालते, वाळलेली पानं खुडते. सावली आखूड झाली की बाह्या वर सारून, सलवार गुडघ्यापर्यंत ओढून टाकीच्या कट्ट्यावर बसते. समोर अजिंक्यतारा असतो. डिसेंबरात सावली जेमतेम माझ्याएवढी होते, एप्रिलमध्ये पायाशी गोळा होऊन बसते. वीस मिनिटं झाली की मी खाली येते.

शेजारच्या गच्चीवर उन्हाळ्यात कुरडया घालायला येणाऱ्या काकूंनी पहिल्याच वर्षी हटकलं होतं. "अगं, भर दुपारचं ऊन काय घेतेस अंगावर? काळी पडशील. सकाळच्या कोवळ्या उन्हात बसावं माणसानं." त्यांचं बोलणं मला नवीन नव्हतं. आमच्याकडे बाळाला तेल चोळून अंघोळीआधी अंगणात कोवळ्या उन्हात निजवायची रीतच होती. माझ्या मुलीलाही आईने तसंच निजवलं. कोवळं ऊन सुखाचं असतं यात शंका नाही. पण कातडीत ड जीवनसत्त्व तयार करतात ते किरण २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे, आणि सकाळच्या तिरक्या उन्हात ते बहुतेक वातावरणातच अडकून पडतात. सूर्य वर चढला, सावली आपल्यापेक्षा आखूड झाली, की मग ते पुरेसे खाली पोचतात. खिडकीच्या काचेतून तर ते येतच नाहीत. स्टाफरूमच्या खिडकीशी बसून मी वर्षानुवर्षं जे ऊन पाठीवर घेतलं ते फक्त उबेचं होतं.

हे मला फार उशिरा कळलं, आणि मी शाळेत विज्ञान शिकवते. जीवनसत्त्वांचा तक्ता मी किती वर्गांकडून घोकून घेतला असेल. अ, ब, क, आणि मग ड: मिळतं कशातून, तर सूर्यप्रकाश, माशाच्या यकृताचं तेल, अंड्याचा बलक, कमी पडलं तर काय, मुडदूस. तो शब्द म्हणायला मुलांना आवडतो. सगळा वर्ग एका सुरात "मुडदूस" म्हणायचा. मी पाय धनुष्यासारखे वाकलेल्या मुलाचं चित्र दाखवायची. एडवर्ड मेलनबीने १९१९ च्या सुमाराला घरात कोंडलेल्या कुत्र्याच्या पिल्लांना मुडदूस कसा होतो आणि कॉड माशाच्या तेलाने कसा बरा होतो हे दाखवलं, मग १९२२ मध्ये मॅकॉलम यांनी त्या तेलातला अ जीवनसत्त्वाहून वेगळा घटक ओळखला आणि अ, ब, क ही अक्षरं आधीच दिली गेली होती म्हणून त्याला ड म्हटलं, ही गोष्ट मी रंगवून सांगायची. ती गोष्ट इंग्लंड-अमेरिकेतल्या धुरकट, ढगाळ शहरांची आहे, तिचा साताऱ्याशी संबंध नाही, असं मी कधी तोंडाने म्हटलं नाही. मनात मात्र तेच धरून चालले होते.

२०१८ च्या जुलैमध्ये वजन कमी करण्याच्या ऑपरेशनसाठी मी पुण्याला गेले तेव्हा माझं वजन ११८ किलो होतं. उंची १५७ सेंटीमीटर, म्हणजे बीएमआय, उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, जवळजवळ ४८. मधुमेह नऊ वर्षांचा, रात्री छातीत जळजळ, झोपेत श्वास अडकायचा. खंबाटकी घाट उतरताना मी मांडीवरची फाईल घट्ट धरून बसले होते, कारण ऑपरेशन नको असं डॉक्टरांनी म्हटलं तर काय, याचीच भीती वाटत होती.

त्याआधीची दहा वर्षं माझे पाय दुखत होते. गुडघे तर दुखायचेच, पण त्याहून जास्त नडग्या. रात्री अंथरुणावर पडल्यावर नडगीवर पांघरुणाची कडसुद्धा नको वाटायची. फरशीवर मांडी घालून बसले तर उठताना एक हात जमिनीला आणि एक हात कुणाच्या तरी खांद्याला लागायचा. ज्यांना ज्यांना दाखवलं त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग म्हणाले, वजन कमी करा. एकानेही रक्त तपासून बघू म्हटलं नाही. मीही म्हटलं नाही, कारण मलाही ते पटलेलंच होतं. एवढं ओझं वाहायचं तर हाडं दुखणारच.

पुण्याच्या सर्जननी तपासण्यांची लांबलचक यादी दिली, दोन दिवसांनी रिपोर्ट बघितले, आणि खुर्ची पुढे ओढून माझ्या दोन्ही नडग्या अंगठ्याने हलक्या दाबल्या. मी कळवळले. ते म्हणाले, "ताई, हे दुखणं वजनाचं नाही. म्हणजे नुसतं वजनाचं नाही." माझं ड जीवनसत्त्व ८.४ नॅनोग्रॅम आलं होतं. वीसच्या खाली म्हणजे कमतरता, तीसच्या वर असलं की बरं. त्या क्षणी मला रडू आलं. दहा वर्षं जे सांगत होते ते खरंच दुखत होतं, आणि त्याला एक आकडा होता.

मग त्यांनी समजावलं. ड जीवनसत्त्व चरबीत विरघळतं. आहारातून आलेलं, कातडीत झालेलं, सगळं चरबीत पसरतं, आणि चरबी जितकी जास्त तितकं ते रक्तात कमी उरतं. घरी येताना मी त्याचं माझ्या भाषेत रूपांतर करत होते: वाटीभर आमटीला पुरणारं मीठ पातेलंभर आमटीत घातलं तर आमटी अळणीच लागणार. २००० साली बॉस्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी हे मोजून दाखवलं आहे. लठ्ठ आणि सडपातळ माणसांना सारखाच अतिनील प्रकाश दिला; लठ्ठ माणसांच्या कातडीची ड बनवण्याची कुवत कमी नव्हती, पण रक्तात झालेली वाढ मात्र ५७ टक्क्यांनी कमी होती. बनलेलं कुठे गेलं, तर आत, चरबीत.

हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ गप्प बसले. लग्नात, हळदीकुंकवाला, शाळेच्या स्नेहसंमेलनात मी आयुष्यभर एकच ऐकलं होतं: खात्यापित्या घरची आहे. ज्या देहाला सगळे भरलेला म्हणत होते त्याच्या हाडांत दुष्काळ होता. आणि तो बाहेरून दिसणारा नव्हता, कारण दुष्काळ म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे बरगड्या येतात.

मला गणपतीच्या सुट्टीला जोडून ऑपरेशन हवं होतं. डॉक्टरांनी दिवाळीनंतरची तारीख दिली. म्हणाले, हे आधी भरून घेऊ. ऑपरेशननंतर हाडांची झीज पहिल्या काही महिन्यांतच वाढते, तेव्हा रिकाम्या खिशाने त्या प्रवासाला निघायचं नाही. आठवड्याला ६० हजार युनिटची एक पुडी, कोमट दुधातून, दुपारच्या जेवणानंतर. जेवणानंतर अशासाठी की ते शोषलं जायला थोडा स्निग्धांश सोबत लागतो. आठ आठवड्यांनी आकडा २३ झाला. लठ्ठ माणसाला इतरांपेक्षा दुप्पट-तिप्पट मात्रा लागू शकते, म्हणून त्यांनी पुड्या आणखी वाढवल्या, कॅल्शियम सुरू केलं. नोव्हेंबरात ३१ आलं. ऑक्टोबरच्या शेवटी कधीतरी, देवघरापुढे रांगोळी काढून मी उठले आणि दोन पावलं चालल्यावर लक्षात आलं की मी कशालाही हात टेकला नव्हता. वजन तेव्हा ११५ होतं. म्हणजे जवळजवळ तेवढंच.

ती सकाळ मला ऑपरेशनपेक्षा जास्त आठवते.

ऑपरेशन बायपासचं झालं. जठराचा वरचा, साधारण ३० मिलीलीटरचा भाग वेगळा करून तो लहान आतड्याला थेट खाली जोडतात. उरलेलं जठर आणि लहान आतड्याचा पहिला तुकडा आत तसाच राहतो, पण अन्न आता त्या वाटेने जात नाही. (स्लीव्ह नावाचं दुसरं ऑपरेशन असतं, त्यात जठराचा पाऊण भाग काढून टाकतात, आतड्याची वाट बदलत नाहीत. मला जळजळ फार होती म्हणून बायपास.) आधीचे पंधरा दिवस पातळ आहार, नंतर औषधाच्या टोपणाने मोजून घोट घोट पाणी, मग भाताची पेज, वरणाचं पाणी, मऊ खिमट. त्या दिवसांबद्दल पुष्कळ जण लिहितात, मी त्यात शिरत नाही. मला त्या वगळलेल्या तुकड्याबद्दल सांगायचं आहे.

लहान आतड्याचा तो पहिला वीतभर भाग आणि त्यापुढचा थोडा, तिथेच शरीर सगळ्यात नेटाने कॅल्शियम उचलतं, आणि ते उचलायला ड जीवनसत्त्व लागतं. बायपासमध्ये नेमका तोच भाग वाटेतून जातो. पित्तही अन्नाला बरंच खाली जाऊन भेटतं, त्यामुळे स्निग्धांश आणि त्याबरोबरचं ड नीट शोषलं जात नाही. म्हणजे ड कमी आलं तर कॅल्शियम उचलणारा हात अधू, आणि ड पुरेसं आलं तरी तो हात जिथे काम करायचा ती जागाच वाटेवर नाही. म्हणून दोन्ही भरपूर, रोज, आणि कायमचं द्यावं लागतं. अमेरिकेतल्या बेरिॲट्रिक, म्हणजे वजन कमी करण्याची ऑपरेशनं करणाऱ्या, सर्जनांच्या संघटनेची २०१६ ची शिफारस आहे: रक्तातली पातळी तीसच्या वर जाईपर्यंत ड रोज ३००० युनिट, माझ्यासारख्या बायपासला किंवा स्लीव्हला कॅल्शियम दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅम. ते एका वेळी घेऊन चालत नाही. पाच-सहाशेच्या वर एका दमात शोषलंच जात नाही, म्हणून तीनदा वाटून घ्यायचं. लोहाची गोळी त्यापासून किमान दोन तास लांब, कारण कॅल्शियम लोहाची वाट अडवतं.

आईने मला तिचा जुना मिसळणाचा डबा दिला. पितळी, सात वाट्यांचा, झाकणाला बारीक पोचा आलेला. "मोहरी-जिऱ्यासाठी आता स्टीलचा आहे मला, तुझ्या गोळ्या ठेव यात." सकाळचं, दुपारचं, रात्रीचं कॅल्शियम तीन वाट्यांत, एकीत मल्टिव्हिटॅमिन, एकीत बी-१२, एकीत लोह. सातवी वाटी रविवारच्या पुडीची. डबा जेवणाच्या टेबलावरच असतो, पाहुणे आले तरी हलवत नाही.

आईने हळूच एक प्रश्न विचारला होता, पुडीबद्दल. ती माळकरी आहे. "यात काही भलतंसलतं नाही ना?" मी शोधून काढलं: बाजारातलं बहुतेक ड३ मेंढीच्या लोकरीच्या तेलापासून करतात. लोकर धुताना जे तेलकट निघतं त्यातला पदार्थ घेऊन त्यावर अतिनील प्रकाश सोडतात. कातडीत जे ऊन करतं तेच कारखान्यात. मेंढी मारावी लागत नाही. आईचं माहेर माण तालुक्यातलं. ती क्षणभर थांबून म्हणाली, "म्हणजे घोंगडीतलं." आणि तिच्या वडिलांच्या घोंगडीला पावसात कसा वास यायचा ते सांगत बसली. त्या दिवसापासून आमच्या घरात पुडीला घोंगडीच म्हणतात.

पहिलं दीड वर्ष सगळं सुरळीत गेलं. वजन ११८ वरून ७६ वर आलं. मधुमेहाच्या गोळ्या सुटल्या. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस मूठमूठ गळले, ते परत आले. दर तीन महिन्यांनी, मग सहा महिन्यांनी रक्त तपासलं. रस्त्यात भेटणारा प्रत्येक जण वजनच विचारायचा, किती झालं, अजून किती, आणि मीही तेवढंच सांगायची. वजनकाटा घरात होता. हाडांचा काटा घरात नसतो.

मग २०२० चा मार्च आला. टाळेबंदी लागली, पुण्याला जाणं बंद, तपासणी पुढे ढकलली. शाळा ऑनलाइन झाली आणि मी मागच्या खोलीत, पडदा ओढून, कारण उजेड मोबाइलच्या पडद्यावर यायचा, दिवसाचे पाच-सहा तास बसायला लागले. मी घ्यायची ते सायट्रेटचं कॅल्शियम मिळेना. औषधाच्या दुकानात दुसऱ्या गोळ्या दिल्या. "कॅल्शियम ते कॅल्शियम, मॅडम." त्या दिवसांत दुकान उघडं होतं हेच पुष्कळ होतं, मी मुकाट्याने घेतल्या. पाकिटावर कार्बोनेट लिहिलं होतं.

इथे मला वर्गात दाखवायचा तो प्रयोग आठवायला हवा होता. शहाबादी फरशीचा तुकडा घ्यायचा, त्यावर विरल हायड्रोक्लोरिक आम्ल टाकायचं. फस्सकन फेस येतो, मुलं ओरडतात. शहाबादी म्हणजे चुनखडी, कॅल्शियम कार्बोनेट. त्याच तुकड्यावर नुसतं पाणी टाका, काहीही होत नाही, दगड दगडच राहतो. कार्बोनेटच्या गोळीला विरघळायला जठरातलं आम्ल लागतं, आणि माझ्या ३० मिलीलीटरच्या पिशवीत आम्ल अगदी थोडं बनतं. जे बनत असेल तेही मी जळजळीच्या गोळीने दाबत होते. सायट्रेटला आम्लाचा आधार लागत नाही, म्हणूनच ते सांगितलं होतं. मी दीड वर्ष नेमाने, एकही खाडा न करता, शहाबादी फरशीवर पाणी घालत होते.

आणि घोंगडी? ती महिन्यातून एकदा, आठवेल तशी. बरं वाटत होतं ना.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये करायची म्हणून नावापुरती इथेच, साताऱ्यात, तपासणी केली. रक्तातलं कॅल्शियम ८.९, अगदी नॉर्मल. मी निर्धास्त झाले. ऑक्टोबरात, पाऊस सरल्यावर, मैत्रिणीबरोबर पहाटे अजिंक्यतारा चढायला लागले. त्याआधी माझ्या आयुष्यात मी एकदाच चढले होते, आठवीत असताना. दरवाज्यातून आत गेल्यावर खाली सगळं सातारा दिसतं, दिवे एकेक विझत जातात. तिसऱ्या आठवड्यात उतरताना उजव्या पावलाच्या वरच्या बाजूला कळ आली. मुरगळला असेल म्हणून शेकला. एक्स-रेत काही दिसलं नाही. तीन आठवड्यांनी पुन्हा काढला तेव्हा दुसऱ्या बोटाच्या मागच्या लांब हाडावर बारीक रेघ आणि तिच्याभोवती नवीन हाडाची ढगाळ गाठ. पडले नव्हते, ठेचकाळले नव्हते. नुसत्या चालण्याने हाड तडकलं होतं.

पुण्याच्या डॉक्टरांना फोन केला. पहिलाच प्रश्न त्यांनी विचारला: "पीटीएच केलंय का?" ती रक्तातल्या एका संप्रेरकाची तपासणी असते, मी केली नव्हती. केलं तर १४८ आलं, ६५ च्या आत हवं होतं. ड पुन्हा ११. हाडांचा डेक्सा स्कॅन केला, खुब्यात घनता कमी झालेली. कॅल्शियम नॉर्मल आलं होतं मग हे कसं, मी विचारलं. त्यांनी जे सांगितलं ते प्रत्येक ऑपरेशनवाल्याला, आणि त्याच्या घरच्यांनाही, माहीत असावं असं मला मनापासून वाटतं.

गळ्यात थायरॉईडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात, पॅराथायरॉईड. त्यांचं काम एकच, रक्तातलं कॅल्शियम ढळू न देणं. हृदय, स्नायू, नसा त्यावर चालतात, त्यामुळे तिथे तडजोड नसते. आतड्यातून कॅल्शियम आलं नाही की या ग्रंथी पीटीएच सोडतात आणि हाडातून कॅल्शियम काढून रक्तात आणतात. हे म्हणजे पगार थांबला तरी घरात रोज भाजी, दूध, किराणा वेळेवर येतोय आणि कपाटातल्या मुदत ठेवीच्या पावत्या एकेक करून मोडल्या जातायत. बाहेरच्याला घर व्यवस्थित चाललेलं दिसतं. रक्तातलं कॅल्शियम नॉर्मल दाखवणारा माझा कागद त्या किराण्याचा होता. पावत्या किती उरल्यात ते पीटीएच सांगतं, ड सांगतं, डेक्सा सांगतो.

आणखी एक समजूत माझी होती. चरबी उतरली की तिच्यात साठलेलं ड आपोआप रक्तात येईल. येतं थोडं, पहिल्या काही महिन्यांत आकडा जरा वर जातो. पण तेवढ्यावर वर्षं निघत नाहीत. शिवाय वजन उतरलं म्हणजे हाडांवरचा भारही उतरला, आणि हाडाचं असं आहे की भार नसेल तर ते स्वतःहून बारीक होतं. माझी चाळिशी सरत आलेली, पाळीही अनियमित झालेली, त्याने भर पडली. सगळे ओहोळ एकाच वेळी एकाच बाजूला वाहत होते.

सहा आठवडे पाय बुटात. सायट्रेट दिवसातून तीनदा पुन्हा सुरू. घोंगडी काही आठवडे आठवड्याला दोनदा, मग एकदा, दर तीन महिन्यांनी रक्त तपासून. हे माझं प्रमाण आहे, माझ्या डॉक्टरांनी माझे आकडे बघून ठरवलेलं. कुणी वाचून उचलू नये. कारण दुसऱ्या टोकालाही खोल दरी आहे. ओळखीतल्या एका मावशींना आठवड्याची पुडी रोजची वाटली आणि त्यांनी दोन महिने रोज घेतली. ओकाऱ्या, बद्धकोष्ठ, सारखी तहान, बोलण्यात गोंधळ, शेवटी मूत्रपिंडावर ताण आला म्हणून ॲडमिट. रक्तात कॅल्शियम प्रमाणाबाहेर चढलं होतं. चरबीत विरघळणारं जीवनसत्त्व लघवीवाटे निघून जात नाही. पुडी देताना दुकानदाराने पाकिटावर "आठवड्यातून एकदा" एवढं मोठ्या अक्षरात लिहून दिलं असतं तर ते टळलं असतं, या गोष्टीचा मला अजून राग येतो.

उन्हाचं तसं होत नाही. कातडीत गरजेपेक्षा जास्त बनायला लागलं की तेच ऊन ते मोडूनही टाकतं. आणि माझ्यासाठी त्यात एक आणखी मोलाची गोष्ट आहे: कातडीत बनलेलं ड सरळ रक्तात जातं, त्याला आतड्यातून जावं लागत नाही. माझी आतली वाट वळवलेली आहे, ही बाहेरची वाट मात्र शाबूत आहे. नुसत्या उन्हावर माझ्यासारखीचं भागत नाही, सावळ्या कातडीला वेळही जास्त लागतो, हे मला ठाऊक आहे. तरी मी बसते. वीस मिनिटं कुणी मला हाक मारत नाही.

जेवणाबद्दल पुष्कळ जण विचारतात, नाचणी खा की, दूध पी की. खाते. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, पण मला एका वेळी जाते ती पाव वाटी पिठाची आंबील. पेलाभर दुधात तीनशेच्या आसपास. माझ्या पोटात अर्धा कपच मावतो, आणि प्रथिनांची सोयही त्यातूनच बघावी लागते. तीळ, दही, पनीर, सगळं थोडं थोडं. ज्यांना चालतं त्यांनी बांगडा खावा, त्यात ड असतं. तेला-दुधाच्या पिशवीवर निळं +एफ चिन्ह असलं तर त्यात अ आणि ड घातलेलं असतं, मी तेच आणते. पण डब्यातल्या सात वाट्यांची जागा ताट घेऊ शकत नाही, निदान माझं ताट तरी. आता घरी दोन किलोचे डंबेल आहेत, आठवड्यातून तीन दिवस वजन उचलते, खुर्चीवरून हात न लावता उठबस करते. पीटीएच १४८ वरून ९६, मग ६१. पुढच्या डेक्सात खुब्याचा आकडा होता तिथेच राहिला होता. डॉक्टर म्हणाले, "थांबलं. थांबलं हेच चांगलं."

त्याच सुमाराला मी आईचंही रक्त तपासून घेतलं. पंच्याहत्तरीची, चवळीच्या शेंगेसारखी बारीक, आयुष्यभर अंगण झाडलेली, सकाळी सातच्या आत. ९.६. तिची कंबर कैक वर्षं दुखते आहे, आणि तिला सगळ्यांनी सांगितलं, वय झालं. मला वजन, तिला वय. रविवारी आम्ही दोघी दुपारी जेवण झाल्यावर दूध कोमट करतो.

मागच्या आठवड्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी भेटायला आली. बत्तीस वर्षांची आहे, दोन मुलं, वजन १०९. पुढच्या महिन्यात कोल्हापुरात स्लीव्हचं ऑपरेशन ठरलंय. चहा टेकवला, इकडचं तिकडचं झालं, मग तिने पिशवीतून फाईल काढली. "बाई, सगळे रिपोर्ट चांगले आलेत. तुम्ही एकदा नजर टाका, म्हणजे मला बरं वाटेल." मी चष्मा लावला. साखर, थायरॉईड, लिव्हर, ईसीजी, सोनोग्राफी, छातीचा फोटो. पानं उलटत शेवटपर्यंत गेले, परत पहिल्यापासून आले.

"पाय दुखतात का गं?"

"दुखतात ना. एवढ्या वजनाने दुखणारच की, बाई."

मी उठून तिच्यासमोर खाली बसले आणि तिच्या नडगीवर अंगठा ठेवला. हलकेच दाबला. तिने पाय मागे ओढला आणि माझ्याकडे बघितलं.

टेबलावर मुलांच्या चाचणीचे पेपर पडले होते, त्यातला एक कोरा कागद घेऊन मी लिहिलं: २५-हायड्रॉक्सी ड, कॅल्शियम, पीटीएच, अल्कलाइन फॉस्फटेज. खाली बी-१२ आणि फेरिटिन. "तुझ्या डॉक्टरांना फोन करून सांग की हे बाकी आहे. ऑपरेशनच्या आधी."

तिने कागद वाचला. "ड म्हणजे ते मुडदूसवालं?"

"तेच."

कागदाची चौघडी करून तिने फाईलच्या पहिल्या कप्प्यात ठेवली आणि विचारलं, "पोवई नाक्यावरची लॅब रविवारी उघडी असते का हो, बाई?"

"दहापर्यंत. उपाशी जा."